गढीच्या नंदीचा खांदा

१

फरशीवरचा तो ठिपका तुरीच्या डाळीच्या दाण्यापेक्षा मोठा नव्हता. मधे पिवळा, कडेला गडद तपकिरी. छायाने त्यावर नख टेकवलं. वरचा थर बोटाला लागून आला, तेलकट, हळदीच्या वासाचा. खालचा थर मात्र काचेसारखा टणक होता. नख घसरलं, ओरखडासुद्धा उठला नाही.

ठिपक्याला लागूनच, भिंतीच्या कडेला, धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. कालपर्यंत त्या चौकोनावर आमगव्हाणच्या गढीचा लाकडी नंदी उभा होता.

कंबरेइतका उंच, शिवणीच्या लाकडाचा, चाकांच्या पाटावर बसवलेला. वडनेरपासून हिंगणघाटपर्यंत तान्ह्या पोळ्यात, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यात, त्याच्या तोडीचा नंदी नव्हता. छायाने लहानपणी तो दोरीने ओढत नेला होता, आणि दर वर्षी पहिलं बक्षीस आणलं होतं.

आज पोळा होता. दुपारी, तोरण फुटायच्या, म्हणजे बैल पोळ्यातून सुटायच्या आधी, गढी सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे जायची होती. दरवाजावर छायाच्या आजोबांच्या, गावच्या जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या, नावाची पाटी लागली होती, तिच्यावर पांढरं फडकं टाकलेलं होतं. याच कचेरीच्या दालनात संग्रहालय व्हायचं होतं, आणि त्याचा मुख्य मान नंदीचा होता. तसा फलकही तयार होता: ‘मालगुजार घराण्याचा पिढीजात नंदी.’ ती ओळ छायानेच लिहून दिली होती.

ती उठली. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तिचं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहण्यात गेलं होतं. जे दिसतं ते आधी टिपायचं, अर्थ नंतर लावायचा, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. दालनाचं कुलूप शाबूत होतं. त्याच्या किल्ल्या तिघांकडे: वडिलांकडे, तिच्याकडे आणि गढी सांभाळणाऱ्या कैलासकडे.

वडील, रूपराव, ओसरीत झुल्यावर बसले होते. तिने त्यांना चहा दिला आणि नंदी गेल्याचं सांगितलं. त्यांनी कप धरला, पण ओठाला लावला नाही. धुवट सदऱ्याच्या बाहीवर लालसर डाग होता. पूजेचं कुंकू असेल, असं तिला वाटलं.

“शोधू नको,” ते म्हणाले. “गेला तं गेला.”

हे वाक्य तिला खटकलं. ज्या माणसाने गढी सोडायची तारीख तीनदा पुढे ढकलली होती, कधी मुहूर्त नाही म्हणून, कधी तब्येत बरी नाही म्हणून, तो नंदीवर इतक्या सहज पाणी सोडत होता.

२

खात्याकडून आलेली मेघा नावाची अधिकारी वयाने लहान, पण कामाला पक्की होती. काल दुपारी तिनेच नंदीची मोजमापं घेतली, फोटो काढले आणि ती हिंगणघाटला मुक्कामाला गेली. नंदीला शेवटचं पाहणारी आपणच, हे तिने स्वतःहून सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच की ठरलेल्या वस्तूंतली एकही कमी असली तर तिला ताबा घेता येणार नाही, आणि चोरी असेल तर तक्रार द्यावीच लागेल.

छायाचा चुलतभाऊ पियुष सकाळीच हिंगणघाटहून गाडीने आला होता. तिथे त्याचं कापसाचं जिनिंग आहे. गढी सरकारला देणं म्हणजे हातची लक्ष्मी घालवणं, हे त्याचं जुनं दुखणं. त्याला इथे लग्नाचं लॉन करायचं होतं. दान अडलं तर फायदा त्याचाच, हे छायाने त्याला तोंडावर सुनावलं. तो हसला.

“ताई, मले नंदी चोरून काय भेटन? काल आमच्या इथं पूजा होती. शंभर लोकायनं पाह्यलं मले. तुह्या कैलासले विचार ना. त्याचे हात पाह्य, पिवळेजर्द हाय.”

“काल खांदशेकणी होती,” छाया म्हणाली. “आज अर्ध्या गावाचे हात पिवळे आहेत.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या वेळी घरचा प्रत्येक माणूस आपापल्या गोठ्यात असतो. वर्षातल्या त्या एका संध्याकाळी गावचे रस्ते ओस असतात. नंदी न्यायला त्याहून चांगली वेळ नव्हती.

कैलास बोलावल्यावर आला आणि खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या वडिलांपासून गढीची देखभाल त्याच्याच घरात होती. गढी सरकारकडे गेल्यावर खातं त्याला चौकीदार म्हणून नेमणार होतं. मेघाने तसं कबूल केलं होतं आणि कैलासने पोरीच्या कॉलेजचा विचार त्याच भरवशावर चालवला होता. काल संध्याकाळी तो आपल्या बैलांपाशी होता. सोबत कोण, असं विचारल्यावर म्हणाला, “बैलंच होते, ताई. ते का साक्ष देतीन?”

ठिपक्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, तो डाग फार जुना आहे, घासून घासून हात दुखले पण निघत नाही, आणि दर वर्षी पोळ्याला त्यावर एक नवा थर दिसतो. त्याला वाटायचं वरून काहीतरी गळतं.

ती आणखी विचारणार, तेवढ्यात मागच्या अंगणातून पियुषची हाक आली.

गढीच्या मागच्या भिंतीत एक लहान दरवाजा आहे, त्याला दिंडी म्हणतात. दिंडीबाहेरच्या ओल्या मातीत चाकांच्या दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. त्या वाकड्यातिकड्या जात कैलासच्या घराशेजारच्या पडीक गोठ्यात शिरत होत्या. पियुषने तिथली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, बाजूला केली होती. वाळक्या काड्यांतून लाकडी शिंगं वर आली होती.

नंदी सापडला होता. आणि सगळे कैलासकडे पाहत होते.

३

ओसरीत परतल्यावर पियुषने वडनेरला पोलिसांना फोन लावला. मेघाने कैलासच्या नेमणुकीचा कागद पर्समधून काढून पाहिला आणि परत आत ठेवला. कैलासने ते पाहिलं.

“मालक,” तो रूपरावांकडे वळला. “तुमी तरी सांगा. मी असा हाव का?”

रूपराव झुल्यावरून उठले आणि आत गेले.

छाया दिंडीपाशी उभी राहिली. दिंडीला कुलूप नाही. आतल्या बाजूने लाकडी अडसर बसतो, बाहेरून तो ना लावता येतो, ना काढता. आज सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा तो अडसर तिनेच काढला होता. तेव्हा नंदी गेल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. अडसर नेहमीसारखा घट्ट बसलेला होता. जोर करून काढावा लागला होता. गढीचा मोठा दरवाजा तर काल संध्याकाळीच तिने आतून बंद केला होता.

म्हणजे ज्याने नंदी या दारातून बाहेर नेला तो परत आत आला होता, अडसर लावला होता आणि आतच झोपला होता. कैलास बाहेर राहतो. पियुष आणि मेघा हिंगणघाटला होते. रात्री गढीत दोनच माणसं झोपली होती. एक ती स्वतः.

हे आत्ता बोललं तर कैलास सुटत होता. एका वाक्याचं काम होतं. मेघा समोरच होती.

छायाने ते वाक्य मागे ठेवलं. मग मेघाला एवढंच म्हणाली की पोलिसांना तोरण फुटेपर्यंत थांबवा, सणाच्या दिवशी गावात बोभाटा नको. स्वतःचा आवाज तिला परक्यासारखा वाटला. प्रयोगशाळेत एखाद्याने नमुना झाकून ठेवला असता तर तिने त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

४

ती पुन्हा कचेरीत जाऊन फरशीवर बसली. वडिलांनी नंदी नेला हे कळलं होतं. का नेला, ते ठिपका सांगणार होता.

गावात खांदे शेकायला तूप वापरतात. तूप कितीही वर्षं पडून राहिलं तरी टणक होत नाही, नुसतं खवट होतं. हवा लागून काचेसारखं घट्ट होतं ते जवसाचं तेल. लाकडाला चकाकी यावी म्हणून सुतार तेच लावतात. थरावर थर होते, खालचे काळपट, वरचा कालचा, अजून ओला. कैलासने सांगितलं तसंच: दर पोळ्याला एक. कुणीतरी वर्षानुवर्षं खांदशेकणीच्या दिवशी इथे येत होतं, आणि जवसाच्या तेलात हळद कालवून या नंदीचा खांदा चोळत होतं.

पण लाकडाच्या बैलाचा खांदा कोण शेकतं? त्याने कधी जू ओढलेलं नसतं.

उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते आठवताच तिचे कान गरम झाले. गावच्या शाळेत पोळ्याच्या सकाळी पोरी एकमेकींना पिवळे तळवे दाखवायच्या. आपल्या इवल्याशा नंदीचा खांदा आपणच शेकायचा, त्याला आवतन द्यायचं, असा त्यांचा खेळ. एकीने विचारलं होतं, तू शेकला का गं तुह्या नंदीचा खांदा? छायाने सांगितलं होतं, आमचा नंदी मोठा आहे, आमच्याकडे गडी आहेत. तो खेळ तिला कधी सुचलाच नव्हता. ती नंदीची दोरी धरायची आणि बक्षीस घ्यायची.

लाकडी बैलाचा खांदा लहान मूल शेकतं. तेसुद्धा स्वतःच्याच बैलाचा.

ती कैलासकडे गेली. तो आपल्या बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता. गावात सुतारकाम कुणाच्या घरी होतं, असं तिने विचारलं. त्याने वर न पाहता सांगितलं की घर एकच होतं, सदाशिव मिस्त्रीचं. आता मिस्त्री नाही, पोरं कामधंद्याला बाहेर गेली. मुलगी तेवढी आहे, रुख्माबाई. नवरा गेल्यावर ती माहेरच्याच घरात येऊन राहिली.

“काऊन, ताई?”

“संध्याकाळपर्यंत धीर धर, कैलास.”

“धीरच धरून राह्यलो,” तो म्हणाला. “दुसरं का धरू?”

५

रुख्माबाई पुरण वाटत होती. पांढरे केस, हातात साध्या बांगड्या, तळवे पिवळे. छायाला पाहून ती उठली नाही. पाट मात्र सरकवला.

छायाने ठिपक्याचं सांगितलं. रुख्माबाईने वरवंटा थांबवला. मग तिने जे सांगितलं ते साधं होतं, आणि सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही.

तो नंदी तिच्या बापाने तिच्यासाठी केला होता. ती सहा वर्षांची होती. त्या साली तान्ह्या पोळ्याला सगळं गाव तिचा नंदी पाहायला लोटलं. मालगुजाराचा मुलगाही तिथे होता, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला तोच नंदी हवा झाला आणि त्याने रडून आकांत केला. मालगुजार म्हणाले, आजचा दिवस गढीत राहू द्या. चारचौघांत मिस्त्रीला धोतरजोडी दिली. मिस्त्रीने ती कपाळाला लावली. नाही म्हणायची सोय नव्हती. तो एक दिवस अजून संपला नव्हता.

पुढच्या पोळ्याला पोरगी जेवेना. तेव्हा मालगुजारीणबाईंनी तिला दिंडीतून आत घेतलं, तेवढा खांदा शेकू दिला. त्या गेल्यावर दर वर्षी त्या संध्याकाळी दिंडीचा अडसर आणि कचेरीचं कुलूप रूपराव काढून ठेवायचे. ती यायची, सासरी गेल्यावरही पोळ्यापुरती माहेरी येऊन यायची, खांदा चोळायची, आवतन द्यायची आणि जायची. दोघं कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

“अन् काल?”

“काल बोलले. म्हणे, रुख्मे, उद्यापासून हा सरकारचा होईन, तू घेऊन जाय. मी नाई म्हटलं. तं सोताच ओढत मायामागं आले. इतके म्हातारे, धापा टाकून राह्यले. मी फाटक लावून घेतलं.”

“पण तुमचाच होता ना, मावशी?”

रुख्माबाईने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

“दिवसा नेलता, सगळ्या गावासमोर. झाकटीत, अंधारात काऊन घेऊ? मी का चोर हाव? दिवसा नेला, दिवसा द्या.” मग वरवंटा पुन्हा फिरू लागला. “तुमी बी ओढत न्यायच्या तो. मी पाह्यची. तुमचा काई दोष नोहता, पोरगी होत्या तुमी.”

छायाला वाटलं, हिने दोष दिला असता तर बरं झालं असतं.

६

रूपराव देवघरासमोर बसले होते. छाया त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही हातात धरली.

“हे कुंकू नाही, बाबा. हळद आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते. नीट खळबळली की तो लाल रंग जातो. तुम्ही काल हा सदरा स्वतः धुतलात. जन्मात कधी कपडा धुतला नाही, म्हणून साबण तसाच राहिला.”

ते डागाकडे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या अंगावर होता.

“तुले सांगतलं होतं, शोधू नको.”

मग ते हळूहळू बोलले. रुख्मीने फाटक लावल्यावर नंदी परत आणायचं बळ उरलं नव्हतं, आणि गोठ्यांतून माणसं बाहेर पडायला लागली होती. समोर पडीक गोठा दिसला. तो कैलासच्या घराशेजारचा आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी माणूस पाठवून नंदी गुपचूप आत आणू, असं मनात होतं. पण छाया आधी उठली. गढी द्यायला त्यांचं मन कधीच अडलं नव्हतं. अडत होतं ते फलकावरच्या त्या एका ओळीपाशी. दर वेळी ती ओळ यायची आणि ते तारीख पुढे ढकलायचे.

“मग सकाळी का नाही बोललात? कैलास तुमच्याकडे पाहत होता.”

“दरवाज्यावर बाबायच्या नावाची पाटी हाय. आजच फडकं निघन. आजच कसा सांगू का त्यायनं लेकराचा नंदी हिसकला?” ते थांबले. “अन् तेबी खरं नाई. रडलो तं मीच होतो.”

छायाने बाही सोडली. आपणही सकाळपासून अडसराचं गुपित पोटात ठेवून आहोत, हे तिने त्यांना सांगितलं. कैलासला वाचवणारं वाक्य तिच्याजवळ होतं आणि ती ते बोलली नव्हती. दोघं एकाच रक्ताचे होते, यात शंका नव्हती.

“तोरण फुटेपर्यंत तुमचं ऐकेन,” ती म्हणाली. “मग मी बोलेन.”

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते तिला कळलं नाही.

७

गढीसमोरच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं होतं. त्याखाली बैलांच्या जोड्या उभ्या होत्या. झुली, बेगड, घुंगरू. मानाची जोडी आता कैलासची होती, पण आज ती मागे उभी होती. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी पडली होती. सकाळचं सगळं गावाला कळलं होतं. कडुनिंबाखाली पोलिसांची गाडी थांबली होती, पियुष तिला टेकून उभा होता.

झडत्या, म्हणजे पोळ्याची ठसकेबाज कवनं, म्हणून झाल्या. हशा झाला, हर हर महादेवचा गजर झाला. तोरण तोडायचा मान गढीचा. मेघा सहीचे कागद घेऊन पुढे आली आणि तिने छायाकडे पाहिलं. छायाने अजून एक क्षण मागितला.

रूपराव पायऱ्या उतरले. काठीने तोरण तोडायचं, ते तोडलं नाही. ते थेट मागे, मोकळ्या जागेत गेले, कैलासपाशी.

“कैलास, गोठ्यातून नंदी आण,” ते म्हणाले. “मधातून आण. लोकायले पाहू दे.”

कैलास जागचा हलला नाही. मग गेला. चाकांची करकर ऐकू येईपर्यंत मैदानात फक्त घुंगरं वाजत होती. नंदी जोड्यांच्या मधून आला. अंगावर पऱ्हाटीच्या काड्या, खांद्यावर ओली हळद. एखाद्या म्हाताऱ्या बैलाला वाट द्यावी तशी लोकांनी वाट दिली. बायकांच्या गर्दीत रुख्माबाई होती. ती पुढे आली नाही, मागेही सरली नाही.

कुणीतरी रूपरावांच्या हातात माइक दिला. त्यांनी तो तोंडापासून दूरच धरला. छायाने स्वतःचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते आता ओठांवर आलं होतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात वडिलांनी हात वर केला. बाहीवरचा लाल डाग उन्हात सगळ्यांना दिसला.

“काल नंदी कैलासनं नाई नेला, मी नेला,” रूपराव म्हणाले. “अन् ज्या दिवशी तो गढीत आला, त्या दिवशी बी माह्याच पायी आला. तो आमच्या घराण्याचा नोहता. मॅडम, तो फलक काढा, अन् तुमच्या यादीतून नंदी बी काढा. हा नंदी सदाशिव मिस्त्रीच्या रुख्मीचा हाय, अन् मी तो आज दिवसा, सगळ्या गावासमोर, तिले परत देऊन राह्यलो.”